युद्धानंतरची वाल्थर पी-३८: उल्ममध्ये घडलेल्या पिस्तुलांचा संग्रह कसा करावा

जर्मनीच्या वाल्थर कंपनीच्या पी-३८ या पिस्तुलाचा संग्रह करणारे बहुतेक जण १९४५ या वर्षापाशी थांबतात. त्यानंतर जे घडले ते त्यांच्या लेखी सरकारी कोठारातला उरलासुरला माल असतो, आणि म्हणून प्रदर्शनातल्या मेजावर युद्धकाळातली पिस्तुले मखमलीवर मांडलेली दिसतात, तर उल्ममध्ये घडलेली पी-१, म्हणजे त्याच पिस्तुलाची युद्धानंतरची सैनिकी आवृत्ती, बाजूच्या खोक्यात एकावर एक पडलेली आढळतात. माझा स्वतःचा संग्रह त्या खोक्यातून सुरू झाला, आणि इतक्या वर्षांनंतर मी ठामपणे सांगू शकतो की या पिस्तुलाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच वाचनीय आहे. मात्र तो वाचण्याची रीत वेगळी आहे. युद्धकालीन शस्त्रांसाठी तयार झालेली फूटपट्टी इथे लावली तर चांगले नमुने हातातून निसटतात आणि सामान्य नमुन्यांना भलतीच किंमत मोजली जाते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ती वेगळी रीत समजावी, यासाठी हे लेखन आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कार्ल वाल्थर यांनी १८८६ मध्ये थुरिंगियात सुरू केलेला कारखाना त्सेला-मेलिस येथे वाढला, आणि तिथेच फ्रिट्झ वाल्थर व फ्रिट्झ बार्थेलमेस यांच्या कामातून पी-३८ आकाराला आले. आखूड प्रत्यागती (गोळी सुटल्यावर नळी आणि तिच्यावरची सरकती स्लाइड थोडे अंतर एकत्र मागे सरकणे), त्या दोघींना जोडून धरणारा, नळीखाली वरखाली होणारा कुलूपठोकळा, पहिली गोळी हॅमर (काडतुसावर आघात घडवणारा हातोडा) न चढवता चाप ओढूनच झाडता येण्याची सोय, स्लाइडवर हॅमर सुरक्षितपणे उतरवणारा सेफ्टीचा खटका, आणि नळीत काडतूस आहे की नाही हे दाखवणारी हॅमरच्या वरची छोटी पिन अशी त्याची वैशिष्ट्ये होती. युद्धकाळात वाल्थरसोबत ओबर्नडॉर्फच्या माउझरनेही आणि श्प्रेवेर्कनेही ते बनवले. युद्ध संपल्यावर थुरिंगिया सोव्हिएत अंमलाखाली गेले, वाल्थर कुटुंबाला पश्चिमेकडे यावे लागले, आणि काही वर्षांनी डॅन्यूबकाठच्या उल्म शहरात कारखाना पुन्हा उभा राहिला. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य, म्हणजे बुंडेसवेअर, स्थापन झाले आणि १९५७ पासून त्याच्यासाठी उल्ममध्ये पी-३८ पुन्हा घडू लागले. १९६३ मध्ये सैन्याने त्याचे नाव पी-१ केले. १९९४ पासून हेक्लर आणि कोखचे पी-८ त्याची जागा घेऊ लागले आणि पी-१ हजारोंच्या संख्येने कोठाराबाहेर पडले. म्हणजे एकाच मूळ रचनेची चार दशकांची सलग नोंद आज संग्राहकाला उपलब्ध आहे, आणि तीही युद्धकालीन नमुन्यांच्या मानाने पुष्कळ कमी खर्चात.

कायदा आधी, पिस्तूल नंतर

हे पुढचे सगळे जर्मनीत राहून संग्रह करणाऱ्याला धरून लिहिले आहे, कारण या पिस्तुलाचे घर तिथे आहे. दुसऱ्या देशात राहणाऱ्याने तिथला कायदा पाहूनच पाऊल टाकावे. जर्मन शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमात संग्राहकासाठी स्वतंत्र तरतूद आहे. सांस्कृतिक आणि ऐतिहासिक दृष्टीने महत्त्वाचा संग्रह करू पाहणाऱ्याला लाल रंगाचे शस्त्रधारणपत्र मिळू शकते. त्यासाठी अर्जदाराची विश्वासार्हता आणि विषयाचे ज्ञान तपासले जाते, आणि संग्रहाचा विषय नेमका मांडावा लागतो. इथेच पुष्कळ अर्ज अडखळतात. ‘जर्मन पिस्तुले’ हा विषय ढोबळ ठरतो. ‘पी-३८ च्या कुलूपरचनेचा १९५७ नंतरचा विकास’ हा विषय मात्र आपोआप पुढच्या खरेदीची दिशा ठरवतो, आणि कार्यालयातल्या अधिकाऱ्यालाही समोरची व्यक्ती काय करू पाहते हे कळते. विषयाची मांडणी लिहिण्यासाठी घालवलेले दोन-तीन महिने मला आजही सर्वांत उपयोगी वाटतात, कारण त्या काळात मी एकही पिस्तूल घेतले नाही आणि तरीही नंतर टाळता आलेल्या बहुतेक चुका तेव्हाच टळल्या.

शस्त्र हाती आल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि घरात ते ठेवण्यासाठी युरोपीय मानकाप्रमाणे किमान शून्य श्रेणीची तिजोरी असावी लागते. तिजोरीची किंमत पहिल्या पिस्तुलापेक्षा जास्त निघाली तरी आश्चर्य मानू नये. निकामी केलेल्या नमुन्यांचा संग्रह करणे सोपे आहे असा समज आहे, पण युरोपीय संघात त्यांच्यावरही प्रमाणपत्राचे नियम आहेत, आणि शिवाय निकामी करताना नळीवर व स्लाइडवर जे छेद घेतले जातात त्यात आपल्याला वाचायच्या खुणा आणि आतल्या झिजेच्या जागा नष्ट होतात. अभ्यासासाठी असा नमुना क्वचितच पुरतो.

धागा निवडणे

युद्धोत्तर पी-३८ मध्ये निदान चार धागे सहज दिसतात. सैन्याची पी-१ हा पहिला आणि सर्वांत मोठा. नागरी बाजारासाठी कारखान्याने पी-३८ हेच नाव पुढेही चालू ठेवले, तेव्हा त्याच काळातली नागरी पी-३८ हा दुसरा धागा. या नागरी पिस्तुलांत ९ मिलिमीटर पॅराबेलमखेरीज ७.६५ मिलिमीटर पॅराबेलम आणि ०.२२ इंची लाँग रायफल या काडतुसांसाठी केलेली पिस्तुलेही आढळतात. ७.६५ मिलिमीटरच्या नमुन्यामागे साधे कारण आहे: इटलीसारख्या देशात ९ मिलिमीटर पॅराबेलम हे सैनिकी काडतूस म्हणून नागरिकांना वर्ज्य होते, आणि त्या बाजारपेठेसाठी वेगळी नळी द्यावी लागे.

तिसरा धागा आखूड पिस्तुलांचा. पी-१ ची नळी सुमारे १२५ मिलिमीटर असते. १९७० च्या दशकात पोलिसांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून पी-४ आले, त्याची नळी ११० मिलिमीटर आहे आणि स्लाइडवरचा खटका केवळ हॅमर उतरवण्याचे काम करून परत वर येतो, तो सेफ्टी म्हणून खाली राहत नाही. नागरी बाजारात त्यालाच पी-३८ आयव्ही असे नाव मिळाले. त्याच काळातले पी-३८ के अधिक आखूड आहे, इतके की पुढची माशी, म्हणजे नेम धरण्याचा उंचवटा, नळीवर बसवायला जागाच उरत नाही आणि ती स्लाइडवर घ्यावी लागते. या दोन पिस्तुलांतून पी-५ कडे जाणारी वाट स्पष्ट दिसते. ते पी-५ पुढे बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि ऱ्हाइनलांड-फाल्त्स या राज्यांच्या पोलिसांनी आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी स्वीकारले, आणि त्यातही पी-३८ चाच कुलूपठोकळा आहे.

चौथा धागा सीमेवरचा. यात फ्रेंच अंमलाखाली ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात १९४५-४६ मध्ये जुळवलेली करड्या फॉस्फेट लेपाची पी-३८ येतात, ज्यांवर फ्रेंच तारा उमटवलेला असतो. पश्चिम बर्लिनच्या पोलिसांसाठी फ्रान्सच्या मान्युऱ्हॅन कंपनीच्या नावाने आलेली पी-१ हीदेखील याच धाग्यातली. व्याप्त बर्लिनवरच्या निर्बंधांमुळे ते नाव स्लाइडवर आले, आणि अशा एकाच पिस्तुलात शीतयुद्धाचा एक पूर्ण अध्याय हातात येतो. ही पिस्तुले कमी मिळतात आणि त्यांच्या नावाखाली बनवाबनवीही अधिक होते, म्हणून नवख्याने पहिल्या दोन वर्षांत या धाग्यापासून दूर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

मी पहिला धागा धरला, आणि नवख्यालाही तोच सुचवतो. पी-१ मुबलक आहेत, चूक झाली तरी ती फार महागात पडत नाही, आणि बारीक फरक ओळखण्याची नजर त्यांच्यावरच तयार होते.

खुणा वाचणे

पी-१ हातात घेतल्यावर, मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यावी. हॅमरच्या वरच्या दर्शक पिनवर विसंबू नये आणि भरलेल्या नळीवर हॅमर उतरवणाऱ्या खटक्याची परीक्षा कधीही घेऊ नये. झिजलेल्या खटक्यामुळे गोळी सुटल्याची उदाहरणे या कुळातल्या जुन्या पिस्तुलांत माहीत आहेत.

मग स्लाइडची डावी बाजू पाहावी. तिथे वाल्थरची फीत, म्हणजे फितीच्या आकारातले बोधचिन्ह, आणि कारखान्याचे नाव असते, आणि शहराच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन जोडलेली ‘डीओ’ ही दोन अक्षरे दिसतात. ती ‘डोनाउ’ची, म्हणजे डॅन्यूबची, जर्मन आद्याक्षरे आहेत. पिस्तुलाचे नाव पी-३८ आहे की पी-१, हे लगेच कळते, आणि सैनिकी पिस्तुलावर पी-३८ असेल तर ते १९६३ च्या नामांतराआधीच्या टप्प्यातले असण्याची शक्यता मनात धरावी. ‘शक्यता’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण नागरी पिस्तुलांवर पी-३८ हे नाव पुढेही राहिले. पी-१ च्या स्लाइडवर महिना आणि वर्ष तिरक्या रेघेने उमटवलेले असतात. ही तारीख वाचायला सोपी असल्याने नवखा संग्राहक तीच पिस्तुलाची जन्मतारीख समजतो. वस्तुतः ती त्या स्लाइडची तारीख असते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

यानंतर शस्त्रचाचणीचे शिक्के. उल्मच्या चाचणीघराची खूण म्हणजे सांबराच्या शिंगाची छोटी आकृती, आणि तिच्या जवळ गरुडाखाली ‘एन’ हे अक्षर, जे धूररहित दारूच्या दाबावर शस्त्र तपासल्याचे सांगते. शिंगाशेजारी कधी वर्षाचे दोन अंक असतात, कधी दोन अक्षरे. अक्षरांची किल्ली साधी आहे: ‘ए’ म्हणजे शून्य, ‘बी’ म्हणजे एक, आणि याच क्रमाने ‘सी’, ‘डी’, ‘ई’, ‘एफ’, ‘जी’, ‘एच’, ‘आय’ म्हणजे दोन ते आठ. ‘जे’ वगळले आहे, आणि ‘के’ म्हणजे नऊ. ‘एचजी’ असे अक्षर दिसले तर वर्ष १९७६, ‘आयए’ दिसले तर १९८०. नागरी पिस्तुलांवर स्लाइडची तारीख नसते, तेव्हा हीच अक्षरे आधार देतात. मी चार-पाच पट मोठे दाखवणारे भिंग आणि छोटी विजेरी नेहमी जवळ ठेवतो, आणि विजेरी बाजूने, अगदी आडवी धरतो. सरळ प्रकाशात अर्धवट घासला गेलेला शिक्का दिसत नाही. आडव्या प्रकाशात मात्र त्याच्या कडेची सावली पडते आणि अक्षर वाचता येते.

अमेरिकेत जाऊन आलेल्या पिस्तुलावर आयातदाराचे नाव आणि गाव उमटवलेले असते, कारण तिथल्या कायद्याने ते बंधनकारक आहे. संग्राहक या खुणेला नाक मुरडतात. ती ओबडधोबड असेल तर किंमत कमी होणे रास्त आहे, पण पिस्तूल कोठाराबाहेर पडल्यानंतर कुठे गेले याचा तो पुरावाही आहे. ती खूण खरवडून काढलेले पिस्तूल मात्र मी कोणत्याही किमतीला घेत नाही.

धातू काय सांगतो

खिशात एक छोटा लोहचुंबक असावा. युद्धकालीन पी-३८ च्या फ्रेमला, म्हणजे मूठ आणि चाप ज्यात असतात त्या खालच्या सांगाड्याला, तो चिकटतो, कारण ती पोलादी आहे. उल्मच्या पी-१ च्या फ्रेमवरून तो घसरून पडतो, कारण ती अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे आणि वरचा काळा रंग अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूवर चढवलेल्या थराचा, आहे. फ्रेम बदलल्यामुळे वजन सुमारे ९५० ग्रॅमवरून ८०० ग्रॅमच्या आसपास आले. मूळ युद्धकालीन म्हणून दाखवलेल्या पिस्तुलाच्या फ्रेमला चुंबक चिकटला नाही, तर तिथेच संभाषण थांबवावे. युद्धकाळातही हलक्या धातूचे प्रयोग झाले होते खरे, पण ते नमुने इतके विरळ आहेत की एखाद्या मेजावर सहज हाती लागण्याची अपेक्षा ठेवू नये. उलट दिशेनेही एक सावधगिरी ठेवावी: उल्मने पुढे थोड्या संख्येने पोलादी फ्रेमची पी-३८ ही काढली, त्यामुळे चुंबक चिकटला म्हणजे पिस्तूल युद्धकालीनच आहे, असेही होत नाही.

या हलक्या फ्रेमचा इतिहास म्हणजे या संग्रहाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड काही मिलिमीटर एकत्र मागे सरकतात, नळीच्या मागच्या टोकाची कांडी फ्रेमला टेकते, आणि तिच्या धक्क्याने कुलूपठोकळा खाली उतरून स्लाइड मोकळी होते. म्हणजे प्रत्येक वेळी फ्रेमच्या एका ठरावीक जागी मार बसतो. पोलादाने तो निमूट सोसला. मिश्रधातूवर मात्र हजारो गोळ्यांनंतर खड्डे पडू लागले आणि काही फ्रेमना तडे गेले. कारखान्याने यावर टप्प्याटप्प्याने उपाय केले. स्लाइड जाड आणि मजबूत करण्यात आली, आणि १९७० च्या दशकाच्या मध्याला फ्रेममधून आडवा जाणारा षट्कोनी पोलादी बोल्ट आला, जो मार बसणाऱ्या जागी मिश्रधातूऐवजी पोलाद पुढे करतो. चापाच्या कोंदणाच्या वर, फ्रेमच्या अंगावर, त्या बोल्टचे सहा कोनांचे डोके सहज दिसते. बोल्ट नसलेली फ्रेम, बोल्ट असलेली फ्रेम, पातळ स्लाइड, जाड स्लाइड: या चार गोष्टी ओळखता आल्या की पी-१ च्या कुळातली जवळजवळ सगळी पिस्तुले आपापल्या जागी बसवता येतात.

जाड आणि पातळ स्लाइडमधला फरक वाचून समजत नाही. दोन्ही पिस्तुले शेजारी ठेवून तोंडाकडून पाहावीत. जाड स्लाइडच्या भिंती नळीच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या दिसतात. एकदा डोळ्यांना तो फरक सापडला की पुढे दुसरे पिस्तूल शेजारी नसले तरी ओळखू येतो. नळीच्या तोंडाकडेही लक्ष द्यावे. उल्मच्या नळ्या दोन भागांच्या आहेत; गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांची आतली नळी बाहेरच्या नळीत बसवलेली असते, आणि तोंडाशी एक बारीक गोल सांधा दिसतो. तो दोष नाही. एका नवख्याने तडा समजून चांगले पिस्तूल परत केल्याचे मी पाहिले आहे.

‘सर्व क्रमांक जुळतात का?’ या प्रश्नाविषयी

युद्धकालीन पिस्तुलांच्या बाजारात हा पहिला प्रश्न असतो, आणि तिथे तो योग्यच आहे. पी-१ च्या बाबतीत मात्र त्याला उत्तर म्हणून ‘नाही’ आले की लगेच पाठ फिरवू नये. सैन्याची पिस्तुले वर्षानुवर्षे वापरात राहिली, दुरुस्तीच्या कार्यशाळांतून अनेकदा गेली, त्यांच्या झिजलेल्या फ्रेम बदलल्या गेल्या, नव्या स्लाइड बसवल्या गेल्या, आणि म्हणून वेगवेगळ्या टप्प्यांतले भाग एकत्र आलेले पिस्तूल ही सैन्यातली रोजची गोष्ट होती.

माझ्या संग्रहातले दुसरेच पी-१ याचे उदाहरण आहे. ते ‘कारखान्यातून निघाले तसेच’ असे सांगून मला विकण्यात आले होते. स्लाइडवर १९६७ ची तारीख होती. घरी आणून तेल पुसले आणि चापाच्या वर षट्कोनी बोल्टचे डोके दिसले. १९६७ मध्ये तो बोल्ट असणे शक्यच नव्हते. त्या रात्री मला फसवले गेल्याचे दुःख फार झाले, आणि दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला मी तसे कळवलेही. त्याने व्यवहार मोडण्याची तयारी दाखवली. पण दरम्यान मी पिस्तूल उलगडले होते. स्लाइडच्या आतल्या रुळांवर जुनी, गुळगुळीत झीज होती. फ्रेमच्या रुळांवर तशीच गुळगुळीत पण कमी झीज होती, आणि दोन्हींच्या घासण्याच्या रेषा एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या. म्हणजे हे दोन भाग कालपरवा एकत्र आलेले नव्हते, ते एकत्र बराच काळ वापरले गेले होते. मी पिस्तूल ठेवून घेतले. आज ते माझ्या संग्रहाच्या मधोमध आहे, कारण फ्रेम का बदलावी लागली आणि कशी बदलली हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे कोणतेही पिस्तूल दाखवत नाही.

म्हणून क्रमांक जुळत नसतील तेव्हा विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे भाग कोणी आणि केव्हा एकत्र केले? सैन्याच्या कार्यशाळेत झाले असेल तर ते पिस्तुलाच्या आयुष्याचा भाग आहे. कोठाराबाहेर पडल्यानंतर कोणी उरलेल्या भागांतून जुळवले असेल तर ते केवळ भागांचे गाठोडे आहे. उत्तर झिजेच्या जुळण्यातून मिळते, लेपाच्या छटांतून मिळते, आणि पिस्तुलासोबत आलेल्या कागदांतून मिळते. पोलादी स्लाइडचा फॉस्फेट लेप आणि मिश्रधातूच्या फ्रेमचा काळा रंग यांच्या छटा मुळातच वेगळ्या असतात, हे मात्र लक्षात ठेवावे. त्या हुबेहूब एकसारख्या दिसल्या तर नंतर कोणी संपूर्ण पिस्तूल रंगवले असल्याची शंका घ्यावी.

नागरी पी-३८, पी-४ आणि पी-३८ के यांना ही सवलत लागू होत नाही. ती कार्यशाळांतून गेलेली नसतात, आणि त्यांच्यात न जुळणारा क्रमांक हा दोषच मानावा.

खरेदीच्या मेजापाशी

विक्रेत्याची परवानगी घेऊन पिस्तूल उलगडावे. उलगडायला अवजार लागत नाही: नळी रिकामी असल्याची खात्री करून स्लाइड मागे अडकवायची, फ्रेमच्या पुढच्या डाव्या बाजूचा खटका फिरवायचा, आणि स्लाइड नळीसह पुढे काढायची. जो विक्रेता इतकेही करू देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. फ्रेमच्या आत, कुलूपठोकळ्याचा मार बसतो तिथे, आणि रुळांच्या मुळाशी भिंगाने तडे शोधावेत. काळ्या रंगावर तडा केसासारखा दिसतो. नखाने हलकेच ओढले तर ओरखड्यात नख घसरते आणि तड्यात अडकते. कुलूपठोकळ्याच्या दोन्ही कानांच्या कडा तपासाव्यात. स्लाइडच्या वरचे पातळ पत्र्याचे झाकण अंगठ्याने दाबून पाहावे, कारण ते सैल असेल तर गोळी झाडताना उडून जाण्याचा धोका असतो, आणि उगाच काढघाल केल्यानेच ते बहुधा सैल होते. ते काढून दाखवण्याचा आग्रह मात्र विक्रेत्याकडे धरू नये.

मुठीच्या काळ्या प्लास्टिक पट्ट्यांवरून फारसे काही ठरवू नये. त्या सहज बदलल्या जातात. मॅगझिनचेही तसेच, तरी वाल्थरची फीत असलेले मॅगझिन सोबत असेल तर बरे. नागरी पिस्तुलासोबत कारखान्याचा चाचणी-निशाणकागद (चाचणीत गोळ्या झाडलेला नेमाचा कागद) आणि मूळ डबा आला तर त्यासाठी थोडे अधिक मोजायला हरकत नाही, पण कागदावरचा क्रमांक पिस्तुलाशी पडताळल्याशिवाय नाही.

चकाकीला भुलू नये. कडांवरचा काळा रंग उडून खालचा पांढरा धातू दिसणारी फ्रेम चामडी होल्स्टरमधून हजार वेळा बाहेर आलेली असते, आणि ती तशीच राहू द्यावी. ज्यांनी अशा फ्रेम पुन्हा रंगवून घेतल्या त्यांनी शिक्क्यांच्या कडा बोथट केल्या, आणि ती अक्षरे आता आडव्या प्रकाशातही वाचता येत नाहीत.

सांभाळणे आणि नोंदणे

पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने पोलादावर गंज चढवतात. होल्स्टर वेगळी, पिस्तूल वेगळे, आणि तिजोरीत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी, एवढे पुरते. पोलादाच्या भागांवर पातळ तेलाचा हात फिरवावा. मिश्रधातूच्या फ्रेमला धातू चमकवणारी पेस्ट कधीही लावू नये, कारण ती काळा थर खाते आणि तो घरी परत येत नाही. प्रत्यागतीच्या दोन स्प्रिंगा फ्रेमच्या दोन्ही बाजूंना असतात. गोळी झाडण्यासाठी पिस्तूल वापरायचे असेल तर त्या नव्या घालाव्यात आणि जुन्या चिठ्ठी लावून जपून ठेवाव्यात.

प्रत्येक पिस्तुलासाठी मी वहीत एक पान ठेवतो. त्यावर कागदावरचे वर्णन उतरवून न घेता पिस्तुलावर प्रत्यक्ष जे दिसते तेच लिहितो: स्लाइडची तारीख, चाचणीची अक्षरे, फ्रेमवरचा क्रमांक, बोल्ट आहे की नाही, स्लाइड जाड की पातळ, नळीवरच्या खुणा, न जुळणारे भाग, आणि ते कोणाकडून कोणत्या दिवशी आले. शेजारी आडव्या प्रकाशात घेतलेली शिक्क्यांची छायाचित्रे चिकटवलेली असतात. पानाच्या तळाशी एक ओळ मी मुद्दाम कोरी ठेवतो, नंतर कळलेल्या गोष्टीसाठी. १९६७ च्या स्लाइडच्या त्या पिस्तुलाच्या पानावर ती ओळ चार वेळा भरून झाली आहे, आणि आता मी तिथे वेगळा कागद जोडला आहे.

माझ्या मालिकेत सध्या एक जागा रिकामी आहे: नामांतराआधीचे, स्लाइडवर पी-३८ असलेले, बोल्ट नसलेल्या मूळ फ्रेमचे सैनिकी पिस्तूल, जे कार्यशाळेत गेलेच नाही. तसे दोन मी पाहिले. एकाची फ्रेम नव्याने रंगवलेली होती, आणि दुसऱ्याच्या उजव्या रुळाच्या मुळाशी नख अडकले.